शे-दोनशे रुपयांचं सुख

मागच्या अंकात सहज विचारलं होतं, की पाचशेच्या आतलं असं काय घ्यायचंय ज्याने रोजची कटकट कमी होईल, मनात असेल ते विचारा. मेसेज धबाधब आले. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही लांबलचक होते ते कापलेत, रागावू नका. किमती नाशिकच्या बाजारातल्या आणि अंदाजे आहेत, दुकान बदललं की वीस-पंचवीस रुपये इकडेतिकडे होणारच.

ताई, भिशीचे थोडे पैसे हातात आलेत. मिस्टर म्हणतात नवीन मिक्सर घे, पण जुना चालतोय ना चांगला. मला स्वयंपाकघरात रोज वापरता येईल असं छोटंमोठं काहीतरी घ्यायचंय. काय घेऊ?
*(सिडकोतून एक वाचक)*

लगेच काहीच घेऊ नका. आधी दोन-तीन दिवस ओट्यावर एक कागद आणि पेन ठेवा, आणि काम करताना जिथे जिथे तोंडातून "काय कटकट आहे" निघेल तिथे एक शब्द खरडून ठेवा, बस. कुकर शिट्टी द्यायचं सोडून बाजूने फुसफुसतो, लायटर चार वेळा टकटक केल्यावर पेटतो, दुधाची पिशवी दाताने फाडावी लागते, डब्याचं झाकण बसत नाही. जे निघेल तीच तुमची यादी, आणि मी पैज लावते की त्यात मिक्सर नसणार.

आणि त्या यादीत सुरी असणार हेही मी आत्ताच सांगते. आपल्याकडे बहुतेक घरात धार नसलेल्या तीन सुऱ्या असतात आणि एक विळी असते जी सासूबाईंशिवाय कोणी उघडत नाही. एक पिकलेला टोमॅटो घ्या, सुरी त्यावर नुसती टेकवा आणि दाब न देता ओढा. साल लगेच चिरली गेली तर सुरी ठीक आहे. साल आधी आत दबली, मग एकदम फाटली आणि बिया ओट्यावर, तर धार गेलेली आहे. लोकांना वाटतं बोथट सुरी म्हणजे सेफ, मुलं हात लावतील म्हणून तशीच राहू देतात, पण उलट आहे, बोथट सुरीला आपण जोर लावतो आणि जोरात असताना ती सटकली की बोटावरच येते. तर पातळ पात्याची एक साधी सुरी घ्या, शंभर-दीडशेत मिळते, आणि तिची धार सांभाळा, कारण खरी गंमत त्यातच आहे. कॉलनीत सायकलवर धारवाले दादा येतात त्यांना थांबवा. ते नाही आले तर चिनी मातीचा जाड कप उलटा करा, त्याच्या बुडाला जी गोल कडा असते तिला चकाकी नसते, खरखरीत लागते हाताला, त्यावर सुरी जराशी तिरपी धरून एका बाजूने आठ-दहा वेळा आणि तेवढंच दुसऱ्या बाजूने हलक्या हाताने ओढायची. मग धुवून पुसून घ्या, पात्यावर बारीक चुरा राहतो. आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात कापायचं बंद करा, निम्मी धार तिथेच जाते, लाकडी पाट घ्या.

कुकर फुसफुसत असेल तर कुकर बदलू नका, रिंग बदला. जुनी रिंग पिशवीत घालून रविवार कारंजावर नाहीतर भांडी बाजारात घेऊन जा, नुसतं "पाच लिटरची द्या" म्हणू नका, कारण झाकण आत बसणाऱ्या कुकरची रिंग वेगळी आणि झाकण वरून बसणाऱ्याची वेगळी, आणि कंपनीप्रमाणे पण फरक पडतो. घरी आल्यावर ती कायम झाकणात अडकवून ठेवायची नाही, भांडी झाली की धुवून खिळ्याला मोकळी टांगायची, जास्त टिकते. जाताय तर सेफ्टी व्हॉल्व पण घेऊन या, तो कधी बदललाय हे घरात कोणालाच आठवत नसतं.

अजून एक, यादीत नसलं तरी बघा. शेगडीमागची केशरी गॅसची नळी पुसून तिच्यावर छापलेलं साल वाचा. आत तारेची जाळी असलेली ही सुरक्षा नळी असते, पाच वर्षांनी बदलायची असते. आयएसआय मार्क बघून घ्या, दोनशेच्या आसपास काम होतं.

राहिली कात्री. दुधाच्या पिशवीसाठी ओट्याजवळ खिळ्याला एक वेगळी कात्री टांगा, शिवणाची नको. कोपरा पूर्ण कापायचा नाही, थोडा लटकत ठेवायचा. तो चिमुकला तुकडा वेगळा झाला की पुन्हा कोणी गोळा करत नाही, गटारात जातो. पिशवीला चिकटून राहिला तर पिशवीबरोबर भंगारात तरी जातो.

आमच्याकडे शेतीची लाईट रात्रीची असते. बागेला पाणी द्यायला मिस्टर नाहीतर दीर जातात. मोबाईलची लाईट लावून व्हॉल्व फिरवतात, त्यात इकडे बिबट्याचं पण भ्या. चांगली बॅटरी सुचवा ना, फार महाग नको.
*(निफाड तालुक्यातून एक वाचक)*

वहिनी, हातातली बॅटरी नकोच, डोक्याला लावायची घ्या. दोन हातांनी व्हॉल्व फिरवायचा, ड्रिपची नळी जोडायची, आणि उजेडासाठी मोबाईल दातात धरायचा, हे मी इतक्यांदा ऐकलंय ना की त्या मोबाईलचीच दया येते. पट्ट्याने डोक्यावर बसणारी बॅटरी तीनशे ते पाचशेत येते, आणि मान वळवाल तिकडे उजेड पडतो.

घेताना बघायचं काय, तर एक, दिवा खालीवर वाकतो का, नाहीतर समोरच्या माणसाच्या डोळ्यावर मारतो आणि पायाखाली अंधारच. दोन, मोबाईलच्याच चार्जरने चार्ज होते का, कारण वेगळा चार्जर हरवणार म्हणजे हरवणारच. तीन, डब्यावर आयपीएक्स-४ लिहिलंय का, म्हणजे उडालेलं पाणी सोसते, पाण्यात बुडवायची मात्र नाही. ल्युमेनच्या, म्हणजे उजेड मोजायच्या आकड्यांना भुलू नका, हजारो ल्युमेन छापलेलं असतं, शेतात चालायला आणि काम करायला खरे दोनशे-तीनशे पुष्कळ होतात. दुकानातच लाईट बंद करायला सांगून भिंतीवर मारून बघा. एक मंद मोड असलेली घ्या, कायम फुल्ल लावली तर मध्यरात्रीच दम टाकते. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे पारा असा उतरतो की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्या रात्री कानटोपीवरून बसेल एवढा पट्टा ढिला होतो का हेपण बघा, बऱ्याच बॅटऱ्या नुसत्या डोक्याच्या मापाच्या असतात.

पण बॅटरी म्हणजे बिबट्यावर औषध नाही, हे स्पष्ट सांगते. उसाच्या कडेने जायचं तर एकट्याने नाही, दोघांनी, बोलत नाहीतर मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून, हातात काठी. वाकून किंवा बसून काम करताना दुसऱ्याने उभं राहून लक्ष ठेवायचं. वनखात्याची माणसं गावोगाव हेच सांगत असतात.

आणि तुम्ही विचारलं नाही तरी सांगते, बॅटरीच्या आधी गमबूट घ्या. बिबट्याचं भ्या सगळ्यांना, पण साप पायाखाली येतो ते कोणी धरतच नाही. चप्पल घालून ओल्या बागेत रात्री जाणं हे आपल्याकडे इतकं रोजचं झालंय की कोणाला काही वाटत नाही. शेतातले बरेचसे दंश पावलाला आणि घोट्याच्या आसपास होतात, आणि घोणस पाचोळ्यात पडलेली असली तर उजेडातही पटकन दिसत नाही. गुडघ्याखालपर्यंत येणारे रबरी गमबूट चारशे-पाचशेत मिळतात. एक नंबर मोठे घ्या म्हणजे जाड मोजा बसतो, घालायच्या आधी उलटे करून झटका, आत विंचू नाहीतर बेडूक असतोच कधीकधी. घरातल्या प्रत्येकाच्या मापाचे वेगळे, नाहीतर "दादाचे मला होत नाहीत" म्हणून परत चप्पलच. तरी दंश झालाच तर बांधाबांध, चिरा, मांत्रिक काही नाही, माणसाला हलू न देता सरळ सरकारी दवाखाना.

अंबडला सेकंड शिफ्ट असते. सुटल्यावर बाईकवर येताना समोरच्या गाडीची लाईट डोळ्यावर आली की काही दिसत नाही. नंबर चेक केला, ठीक आहे. नवीन हेल्मेट घेऊ का?
*(पाथर्डी फाट्यावरून एक वाचक)*

दादा, हेल्मेट पडलेलं-आपटलेलं नसेल आणि आतला थर्माकोल शाबूत असेल तर नुसती काच बदला. तुमची काच दिव्यासमोर धरा, बारीक बारीक चरे गोल गोल दिसतील, समोरून येणारा उजेड त्या प्रत्येक चऱ्यावर फुटतो आणि डोळ्यासमोर पांढरा पडदा येतो. दीड-दोनशेत नवीन काच मिळते, पण हेल्मेट सोबत न्यायचं, कारण प्रत्येक मॉडेलची खाच वेगळी असते. पांढरीच घ्या, काळी रात्री अजिबात नको. आणि कंपनीतून निघताना बाहीने कोरडी पुसता ना, तिथेच चरे पडतात. आधी ओल्या फडक्याने धूळ काढायची, मग पुसायची. थंडीत आतून धुकं धरतं त्याला साबणाचा अगदी पातळ हात फिरवून कोरड्या कपड्याने पुसून घ्या, काही वेळ तरी धरत नाही. काच घ्याल तिथेच वीस-तीस रुपयांत रेडियमची पट्टी मिळते, हेल्मेटच्या मागच्या बाजूला लावून टाका, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तेवढंच दिसतं.

मी कॉलेज रोडला कॉट बेसिसवर राहते. रूमवर एकच सॉकेट आहे आणि आम्ही चौघी. एक्स्टेंशन बोर्ड आणि चहा-मॅगीसाठी किटली घेतली तर चालेल का?
*(मूळची कळवणची, सध्या नाशिकची विद्यार्थिनी)*

बोर्ड घे, किटली त्यावर लावू नको. साधा बोर्ड ६ अँपिअरचा असतो. २३० व्होल्टला ६ अँपिअर म्हणजे साधारण १३८० वॅट, आणि किटली एकटीच १५०० वॅटची असते, त्यात तुमचे चार मोबाईल आणि एक लॅपटॉप. वायर गरम होते, मग प्लगचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग वास येतो. किटली पाहिजेच असेल तर घरमालकीण काकूंना विचारून जाड पिनच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला डायरेक्ट लाव. बोर्ड घेताना वजनाला जड घे, स्वस्तातल्या हलक्या बोर्डात आत नावाला पत्रा असतो. आणि चौघी आहात तर इअरप्लग घे गं, फोमचे, पन्नास रुपयांत जोड्या मिळतात. एक पहाटे उठणारी आणि एक रात्री दोनपर्यंत बोलणारी प्रत्येक रूममध्ये असतेच.

आई ७६ वर्षांची, वाड्यात राहते, जागा सोडायला तयार नाही. रात्री उठून बाथरूमला जाते तेव्हा लाईट लावत नाही, म्हणते बिल येतं. पडेल अशी भीती वाटते. काय काय करून घेऊ?
*(पंचवटीतून एक वाचक)*

बिलाचं आधी मिटवू. अर्ध्या वॅटचा झिरोचा एलईडी दिवा रोज दहा तास, वर्षभर जरी जळला तरी दोन युनिटसुद्धा होत नाहीत, हे आईंना कागदावर गुणाकार करून दाखवा, त्या पिढीला हिशोब पटला की मग ऐकतात. खाटेपासून बाथरूमपर्यंत जिथे वळण आहे तिथे एक आणि बाथरूमच्या दारात एक. सेन्सरचा दिवा पण मिळतो, माणूस आला की लागतो, पण काही म्हाताऱ्या माणसांना तो अचानक लागला की दचकायला होतं, म्हणून मला साधा कायम मिणमिणणाराच बरा वाटतो.

बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा लावा, भिंतीत ड्रिल मारून, स्क्रूने. व्हॅक्यूमने चिकटणारे येतात ते टॉवेल अडकवायला ठीक आहेत, माणसाचं वजन त्यांच्यावर टाकायचं नाही. वाड्याच्या भिंती मातीच्या, चुन्याच्या असतात, नुसत्या प्लगमध्ये स्क्रू धरत नाही, तेव्हा गवंड्याला विचारा, कधी लाकडी फळी आधी बसवावी लागते. खाली छिद्राछिद्रांची रबरी मॅट, आणि अंघोळीला बसायला पाटाऐवजी उंच प्लॅस्टिकचं स्टूल, चार पायांना रबर असलेलं.

आई काठी वापरत असतील तर ती आत्ता उलटी करून बघा. टोकाला रबराचं बूड असतं, त्याच्या खालच्या गोल रेषा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर ती काठी फरशीवर आधार द्यायच्या ऐवजी घसरवते. तीस-चाळीस रुपयांचं बूड मेडिकलला किंवा सर्जिकलच्या दुकानात मिळतं, काठीची जाडी मोजून न्या. आईंची काठी, चष्मा आणि पाण्याचा तांब्या हे तिन्ही खाटेवरून हात पोचेल असं ठेवा, त्याला तर पैसेही लागत नाहीत.

इगतपुरीला राहतो. पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, घरभर कुबट वास. ड्रायर परवडत नाही.

छताला टांगायचा दोरी-पुलीचा स्टँड घ्या, तो तुमच्या पाचशेत बसेल की नाही ते लांबीवर आहे. वर हवा गरम असते आणि पंखा जवळ, हीच त्याची करामत. मशीन असेल तर कपडे दुसऱ्यांदा नुसते पिळून घ्या, पाणी जेवढं आधी निघेल तेवढं बरं. दोन कपड्यांत वीतभर अंतर, जीन्स उलटी करून, आणि एक खिडकी इंचभर उघडी, सगळं बंद करून पंखा लावला तर तीच ओल घरात फिरत राहते.

तुमचं सदर वाचतो. प्रत्येक वेळी हे घ्या, ते घ्या. माळ्यावर जागा नाही राहिली, हिच्या सगळ्या खरेद्या तिथेच आहेत. न घेण्याबद्दल पण लिहा की.
*(नाशिकरोडहून एक निवृत्त वाचक)*

काका, मान्य. लिहिते.

सेव्हन-इन-वन चॉपर घेऊ नका. दोन माणसांच्या भाजीसाठी कांदा चिरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट त्याची पाती, जाळी आणि डबा धुवायला लागतो. घरी पंधरा माणसं मिसळ खायला येणार असतील तर दोरी ओढायचा चॉपर शेजारून मागून आणा. सेलमधला डब्यांचा सेट घेऊ नका, एक झाकण तुटलं की त्या मापाचं दुसरं सुटं मिळत नाही. भाजी कापणारं, सोलणारं, किसणारं, बी काढणारं वेगवेगळं यंत्र नको, सुरीला धार असली की झालं, ते वर सांगितलंच आहे.

आणि माळ्यावरच्या वस्तू एकदा खाली काढा. मिक्सर "बिघडला" म्हणून वर टाकला असेल तर बऱ्याचदा भांड्याखालचा नाहीतर मशीनवरचा कपलर झिजलेला असतो, दाते गेलेले दिसतात, मोटर चांगली असते. मोटर फिरतेय, आवाज येतोय पण पातं फिरत नाही, म्हणजे तेच. पन्नास-शंभरात रिपेअरवाला बसवून देतो. गळक्या नळाचं पण तसंच, नळ नका बदलू, साध्या फिरकीच्या नळात आतला वायसर बदलून बघा, दहा रुपयांचा. मीटरजवळ मेनकॉक आधी बंद करा म्हणजे झालं, नाहीतर किचनमध्ये गोदावरी. पितळी भांडी वर पडलेली असतील तर नवीन नॉनस्टिक घेण्यापेक्षा त्यांना कल्हई करून आणा, जुन्या नाशकात तांबट लेनकडे चौकशी करा. आतला पांढरा चकचकीत थर जाऊन पिवळं दिसायला लागलं की चिंच-टोमॅटोचं त्यात शिजवायचं नाही, एवढं काकूंना माहिती असणारच.

संक्रांतीला वाण काय लुटू? पन्नास रुपयांच्या आत, पण कोणीतरी खरंच वापरेल असं. चाळीस बायका आहेत.
*(इंदिरानगरमधून एक वाचक)*

चहाची गाळणी. हसू नका, घरोघरी जाऊन बघा, प्रत्येकीच्या गाळणीला एका बाजूला भोक असतं आणि ती गाळणी तिरपी धरून चहा गाळते, पण नवीन आणायला कोणी मुद्दाम जात नाही. स्टीलची, दुहेरी जाळीची घ्या. मेनरोड-भद्रकालीकडे होलसेलवाल्यांकडे डझनाने घेतली तर पन्नासच्या आत बसेल, घासाघीस मात्र करा. घेताना जाळीच्या कडेवरून बोट फिरवून बघा, तारेची टोकं टोचत असतील तर दुसरी दाखवा म्हणायचं, आणि दांड्याच्या समोरच्या बाजूला छोटा आकडा पाहिजे, म्हणजे ती कपावर नुसती ठेवता येते. गाळणी नको असेल तर चांगलं नेलकटर. प्लॅस्टिकची वाटी मात्र कृपा करून नको, माझ्याकडेच डझनभर पडल्यात.